सरी, लिहून घ्या

बंगळूरच्या बनशंकरीतल्या मराठी मंडळाच्या हॉलचे पंखे एरवीही कुरकुरतातच, पण त्या रविवारी दुपारी पिक्चर संपला तेव्हा हॉलमध्ये तेवढाच एक आवाज उरला होता. खुर्च्या तर भरलेल्या होत्या. मग मागून कुणीतरी "बापरे!" म्हणालं आणि सगळे एकदमच बोलायला लागले.

पिक्चर पोलिसी चौकशीचा होता. कन्नड, आणि खाली इंग्रजी अक्षरं. एक हरवलेली मुलगी, तिच्या खुनाच्या संशयावरून धरलेला एक गॅरेजवाला आणि त्याच्यासमोर बसलेला इन्स्पेक्टर. जवळजवळ सगळा पिक्चर एका खोलीत. इन्स्पेक्टर हात उगारत नाही की आवाज चढवत नाही. तो फक्त विचारतो. कधी चहा पुढे सरकवून, कधी खुर्ची जवळ ओढून, तोच एक प्रश्न: त्या संध्याकाळी तू कुठे होतास? शेवटी गॅरेजवाला मान खाली घालतो, गुन्हा कबूल करतो आणि पडदा काळा होतो.

"एक थप्पड मारली नाही हो!" मकरंद म्हणाला. हा मकरंद म्हणजे एचएसआर लेआउटमधला उत्साही प्राणी. मंडळात नवी माणसं आणायची, स्क्रीन लावायचा, पिक्चर दाखवायचा आणि वर चर्चाही घडवून आणायची, या सगळ्याची त्याला भारी हौस. "नुसत्या प्रश्नांवर माणूस उकलला. मानलं बुवा!"

आश्लेषाने हात वर करून माईक मागून घेतला. "मला तर त्या इन्स्पेक्टरची पद्धतच पटली," ती म्हणाली. "खऱ्या माणसाला कितीदाही विचारा, उत्तर तेच येतं. खोटा माणूस कधीतरी उत्तर बदलतो, आणि तिथेच सापडतो."

टाळ्या पडल्या. शेजारी बसलेल्या उपेंद्रने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. त्याच्या पलीकडे बसलेल्या सगुणाबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, पदराने चष्मा पुसत होत्या.

आता हे तिला इतकं का पटलं, ते आधी सांगायला हवं. आश्लेषा पुण्याची. नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत. सासर मात्र पिढ्यान्पिढ्या बंगळूरचं, घरात मराठी बोलतात पण त्या मराठीत कन्नड असं मिसळलेलं की पहिल्यांदा ऐकणाऱ्याने बावचळावं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिने आईला फोन करून सांगितलं होतं, "अगं, सासूबाई किती गोड आहेत! काहीही बोला, आधी सॉरी म्हणतात." आईने ते सगळ्या पुण्याला सांगितलं. मग उपेंद्रने हसत हसत सांगितलं, की बाई गं, ते सॉरी नाही, सरी. कन्नड आहे. सरी म्हणजे बरं. त्यावर आई फोनवर इतकी हसली होती की तिला ठसका लागला होता.

ती आई आता नव्हती. तिच्या मोत्याच्या कुड्या तेवढ्या आश्लेषाकडे राहिल्या होत्या, आणि गेल्या दिवाळीत त्यातली एक हरवली. आश्लेषाने न्हाताना काढून आरशापुढच्या फळीवर ठेवली होती, आणि फळी पुसायचं काम सासूबाईंचं. तिने विचारलं. भांडली नाही, ओरडली नाही, शांतपणे विचारलं. सासूबाई आधी "मी बघितलीच नाही गं" म्हणाल्या, मग "आठवत नाही बाई" म्हणाल्या, आणि शेवटी एकदा, "मीच टाकली असेन झाडताना" असं म्हणाल्या. झालं! कुडी गेल्याचं दुःख होतंच, पण आश्लेषाच्या मनात सलत राहिलं ते दुसरंच. आधी नाही, नंतर हो. म्हणजे आधी तोंडावर खोटंच बोलल्या की!

तेव्हापासून आश्लेषाच्या कपाटाला कुलूप लागलं. "राहू द्या आई, मी करते," हे वाक्य घरात दिवसातून कितीदा तरी ऐकू यायला लागलं. आणि आता इलेक्ट्रॉनिक सिटीत भाड्याचा फ्लॅट बघून झाला होता, येत्या शनिवारी सह्या व्हायच्या होत्या. सगुणाबाई बनशंकरीच्या घरात एकट्या राहणार होत्या. त्यांना विचारलं होतं, नाही असं नाही. त्या हो म्हणाल्या होत्या.

असो. तर माईक फिरत फिरत मंडळाचे अध्यक्ष नरसिंहराव यांच्याकडे गेला. तेही इथलेच जुने. त्यांनी तो सरळ सगुणाबाईंपुढे धरला. "सगुणक्का, तुम्ही सांगा. तुम्हाला कसा वाटला पिक्चर?"

"मला त्या पोराचं वाईट वाटलं बघा," सगुणाबाई म्हणाल्या. "त्याने काय केलंच नव्हतं."

हॉल खदाखदा हसला. "अहो काकू," मकरंद म्हणाला, "कबूल केलं की त्याने! खाली ठळक लिहून आलं, 'हो, मी मारलं तिला.'"

"खालचं मला वाचायला येत नाही रे राजा. मी ऐकलं. तो म्हणाला, 'सरी सर, बर्कोळ्ळि.' म्हणजे, बरं साहेब, लिहून घ्या. मारलं असं कुठे म्हणाला तो?"

मग नरसिंहरावांनी कपाळाला हात लावला. "अय्यो, होय की! असंच म्हणाला." जुनी माणसं माना डोलवायला लागली. नवी माणसं एकमेकांकडे बघायला लागली, कारण त्यांनी पिक्चर ऐकलाच नव्हता, वाचला होता.

"पण सरी म्हणजे बरोबर असंही होतं ना?" मकरंद हार मानणारा नव्हे. "आमच्या ऑफिसात म्हणतात."

"होतं की. बरोबर पण होतं, बरं पण होतं, आणि पुरे कर बाबा असं पण होतं. त्याला घरी जायचं होतं रे. इतकंच."

"घरी जायचं म्हणून कुणी खून कबूल करतं का काकू? चला, प्रयोगच करून बघू. या इकडे."

झाली की मजा सुरू! मकरंदने स्क्रीनपुढे दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या. सगुणाबाई नको नको म्हणत, लाजत, हसत जाऊन बसल्या. मकरंदने चष्मा नाकावर ओढला आणि इन्स्पेक्टरचा तो थंड आवाज काढला. गुन्हा काय, तर मंडळाची चांदीची गुलाबदाणी चोरीला गेली. संक्रांतीच्या हळदीकुंकवात तिच्यातून गुलाबपाणी शिंपडतात, तीच. आश्लेषाने मोबाइल काढून शूटिंग चालू केलं. तीही हसत होती.

"हळदीकुंकवाला गुलाबदाणी शेवटी कुणाच्या हातात होती?"

"माझ्याच. मी धुतली, पुसली, डब्यात ठेवली."

"कपाटाला कुलूप कुणी लावलं?"

"विद्याने." विद्या म्हणजे मंडळाची खजिनदार. त्या दिवशी ती आलेली नव्हती.

"तुम्ही पाहिलंत लावताना?"

"पाहिलं... म्हणजे नसेल. मी पिशव्या उचलत होते."

"आधी म्हणता विद्याने लावलं, आता म्हणता पाहिलं नाही. बरं, पिशवीत काय होतं?"

"वाण होतं. तिळगुळाचा डबा होता."

"आणि गुलाबदाणी कुठे ठेवलीत?"

"डब्यात. सांगितलं की."

"कुठल्या डब्यात, काकू?"

हॉल हसून नुसता कोसळला. सगुणाबाईही हसल्या. पण मकरंदने पुन्हा विचारलं. मग पुन्हा. खुर्ची जवळ ओढली, कुणाच्या तरी हातातला पाण्याचा ग्लास घेऊन त्यांच्या पुढे धरला आणि अगदी मऊ आवाजात पुन्हा विचारलं, "गुलाबदाणी कुठे आहे, काकू?" त्यांचं हसू कधी गेलं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

"सरी," त्या म्हणाल्या. "मीच घेतली. लिहून घे बाबा."

टाळ्यांनी छत दणाणलं. शिट्ट्यासुद्धा पडल्या. मकरंदने वाकून सलाम केला. "बघितलंत? नुसते प्रश्न!"

"थांबा थांबा, मुद्देमाल हजर करतो," म्हणत नरसिंहराव उठले. किल्ल्यांचा जुडगा वाजवत भिंतीकडच्या लोखंडी कपाटाशी गेले, लाल मखमलीचा डबा काढला आणि मोठ्या थाटात सगळ्यांपुढे धरून उघडला.

डबा रिकामा होता.

हसणं एकदम थांबलं. नरसिंहरावांनी डब्यात हात घालून बघितलं, कपाटाचे सगळे कप्पे चाचपले. "अय्यो देवा," ते म्हणाले, "इथेच होती की!" आश्लेषाने मोबाइल खाली घेतला. आत्ता टाळ्या पिटणारी माणसं सगुणाबाईंकडे बघत होती, आणि काय बघत होती म्हणता! पुढच्या रांगेतल्या एका बाईने पायाशी ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली. ज्यांच्या हातचं उपीट या बाईने कितीदा खाल्लं असेल, त्यांच्यासमोर!

"काकू..." मकरंदचा आवाज आता खरा होता. "खरंच का?"

कुणी विद्याला फोन लावला. ती उचलेना. मागे कुजबुज सुरू झाली, वय झालं की असं होतं म्हणे, उचलतात आणि विसरतात. आणि मग सगळ्यांनी सुनेकडे पाहिलं. उपेंद्र उठून उभा राहिला होता.

आश्लेषा पुढे गेली. सासूबाईंच्या खुर्चीशी वाकली, त्यांच्या हातावर हात ठेवला. "आई, घाबरू नका. नीट आठवा. चुकून घरी आली का ती?"

"नाही गं. मी बघितलीच नाही नंतर."

"पिशवीत गेली असेल, डब्याबरोबर?"

"आठवत नाही बाई."

"आठवा ना. कुणी रागावणार नाही तुम्हाला."

सगुणाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, रडूही नव्हतं. फार ओळखीचं काहीतरी पुन्हा समोर आल्यावर माणूस बघतो, तसं बघितलं त्यांनी.

"सरी," त्या म्हणाल्या. "मीच नेली असेन."

आश्लेषा चमकली. कारण ती पिशवी संक्रांतीला घरी आल्यावर तिनेच उपसली होती. वाण तिनेच मोजून कपाटात ठेवलं, तिळगुळाचा डबा तिनेच घासला. पिशवीत गुलाबदाणी नव्हती. हे तिला आत्ता, या क्षणी, लख्ख आठवलं. म्हणजे ही बाई न केलेली चोरी कबूल करत होती, तेही तिच्या तोंडावर, तिच्या गोड बोलण्याला दबून. नाही गं. आठवत नाही. सरी. हेच, अगदी याच क्रमाने, तिने या आधी ऐकलं होतं.

"थांबा!" ती ताडकन उठली. आवाज इतका मोठा निघाला की तिची तीच दचकली. "आईंनी नेलेली नाही. ती पिशवी मी रिकामी केलीय."

"पण त्याच म्हणाल्या ना आत्ता?" कुणीतरी म्हणालं.

"म्हणू देत! त्या काहीही म्हणतील. तुम्ही अजून दोनदा विचारलंत तर हे कपाटही मीच नेलं म्हणतील!"

"सूनच ती, सांभाळून घेणारच," मागून हळूच आलं, पण ऐकू येईल एवढं हळूच. तेवढ्यात विद्याचा फोन आला. नरसिंहरावांनी तो स्पीकरवर टाकला, आणि विद्याने आपल्या खणखणीत आवाजात सांगितलं, की गुलाबदाणी काळी पडली होती, पाडव्याला चकचकीत हवी म्हणून तिने पॉलिशला दिलीय, आणि सांगायचं राहिलंच, का, काय झालं?

काय झालं म्हणे! काय सांगणार तिला?

सगळ्यांनी सुस्कारे टाकले. मकरंद येऊन सगुणाबाईंच्या पाया पडला, त्याचे डोळे खरोखर भरले होते. "असू दे रे राजा, खेळच की," म्हणत त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पर्सवाल्या बाईंनी पर्स परत खाली ठेवली आणि कॉफीचा ग्लास त्यांना स्वतः आणून दिला. मग उपीट आलं, केसरीभात म्हणजे इथला केशरी शिरा आला, आणि हॉल पुन्हा आधीसारखा गजबजला. तीच पर्सवाली बाई केसरीभात खाता खाता म्हणाली, "पण काही म्हणा, पिक्चरमधल्या त्या माणसाने केलंच असणार. नाहीतर कबूल कशाला करेल?"

आश्लेषाला ते ऐकून हसू नाही आलं आणि भांडावंसंही वाटलं नाही. हेच वाक्य दिवाळीपासून तिच्या डोक्यात होतं. तिने केसरीभाताची बशी तशीच ठेवून दिली.

उपेंद्र खुर्च्या रचायला थांबला. सासू-सुना चालतच निघाल्या, घर तसं जवळच होतं. ऊन उतरलं होतं. फुलवाल्यांच्या टोपल्यांपाशी सगुणाबाई थांबल्या, एक मोळं, म्हणजे हातभर, शेवंती घेतली, आणि पुन्हा चालू लागल्या. आश्लेषाला राहवेना.

"आई, माझी कुडी. तुम्ही खरंच टाकली होती का?"

"मला काय ठाऊक गं?" सगुणाबाई सहज म्हणाल्या. "मी ती बघितलीसुद्धा नव्हती. पहिल्या दिवशी सांगितलं की तुला."

"मग टाकली असं का म्हणालात?"

"तू विचारत होतीस की. जेवताना विचारायचीस, भाजी निवडताना विचारायचीस. ओरडली असतीस तर मी पण ओरडले असते. पण तू गोड विचारायचीस, आणि डोळ्यांत पाणी. आईची वस्तू ती. मी म्हटलं, कुणावर तरी एकदा ठरू दे, म्हणजे पोर झोपेल तरी."

आश्लेषा रस्त्यातच थांबली. मागून येणाऱ्या रिक्षाने भोंगा वाजवला तेव्हा सगुणाबाईंनीच तिला दंडाला धरून कडेला ओढलं. लाज वाटत होती, नुसती जीवघेणी लाज. दिवाळीपासून ती या बाईला खोटारडी समजत आली होती. कपाटाला कुलूप घातलं, किल्ली गळ्यात घालून झोपली. आणि या बाईने ते सगळं पाहिलं, रोज सकाळी तिच्या डब्यासाठी पोळ्या लाटल्या, आणि एकदाही म्हणाली नाही, की अगं, मी नाही.

म्हणाली होती. पहिल्या दिवशी म्हणाली होती. ऐकलं कुणी?

आणि मग तिला फ्लॅट आठवला. "आम्ही तिकडे राहायला गेलो तर चालेल ना आई?" असं तिने विचारलं होतं. नाश्त्याला विचारलं, मग देवापाशी बसल्या असताना विचारलं, मग फ्लॅटचे फोटो दाखवून विचारलं. सगळं गोड आवाजात. आणि शेवटी त्या म्हणाल्या होत्या, "सरी." आश्लेषाने आत जाऊन उपेंद्रला सांगितलं, की आई हो म्हणाल्या. तो हो त्यांनी म्हटलाच नव्हता. तो हिनेच खाली लिहून टाकला होता.

घराचं फाटक आलं. सगुणाबाईंनी कडी काढायला हात घातला, तो आश्लेषाने धरला.

"आई," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता, त्यात गोडवा राहिलाच नव्हता. "आम्ही तिकडे राहायला जावं असं तुम्हाला वाटतं का?"

सगुणाबाईंनी हातातल्या शेवंतीकडे पाहिलं. मग फाटकाकडे. मग सुनेकडे.

"किती वेळा विचारणार आहेस?"

"एकदाच. देवाशपथ, एकदाच."

"मग नको जाऊस," सगुणाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी फाटक उघडलं.